गोष्ट ऐकली, पुढे दवाखाना कुठे?

2007 साली महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांनी शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. संस्कृतीची काळजी दोन्हीकडे सारखीच. त्याच वर्षी बेंगळुरूत 90.4 मेगाहर्ट्झवर ‘रेडिओ अॅक्टिव्ह’ हे कम्युनिटी रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे तिथे प्रियांका ही तृतीयपंथी निवेदिका माइकसमोर बसली आणि आपल्या लोकांबद्दल स्वतःच बोलू लागली.

शाळेबाहेर असं गोष्टीतून शिकवणं आपल्याला नवं नाही. मेक्सिकोतल्या मालिका कुटुंबनियोजनाचा प्रचार कसा करतात ते पाहून तेव्हाचे नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी तो प्रयोग इथे आणायचं मनावर घेतलं आणि 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. सुरुवातीचा उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. तो कमी केला, तेव्हा कुठे मालिका घरोघरी पोचली. नायजेरियात ‘एमटीव्ही शुगा’ ही मालिका पाहिलेल्या तरुणांत एचआयव्हीची चाचणी करून घेण्याचं प्रमाण सहा महिन्यांनी इतरांच्या जवळपास दुप्पट दिसलं. तिचाच भारतीय अवतार ‘निषेध’ 2020 साली आला.

गोष्ट नेमकं करते काय? समजा, साताऱ्याची एक मुलगी बेंगळुरूत पीजीत राहते. रविवारी सकाळी ती मित्राला मेडिकलमध्ये पाठवते. दुकानदार आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी काळ्या पिशवीत घालून सरकवतो, पैसे घेताना वरही बघत नाही. किती तासांत घ्यायची, हे विचारायचं राहूनच जातं. तरुणांच्या गटात ही गोष्ट सांगणारी ताई इथे थांबते आणि विचारते, “आता तिने काय करावं?” मग तोंडं उघडतात. सगळे ‘तिच्या’बद्दल बोलतात, प्रश्न मात्र ज्याचा त्याचा असतो. उत्तर साधं आहे: 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पण लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांपासून ही गोळी वाचवत नाही, त्याला कंडोमच हवा.

ही ताई दोनच वर्षांनी मोठी, म्हणून तिचं ऐकलं जातं. पण तिला डॉक्टर करून ठेवू नये; मैत्रिणीची चुकीची माहितीही तितक्याच विश्वासाने फिरते. नुसत्या गटचर्चेने माहिती वाढते, वागणं फारसं बदलत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. 2014च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ‘साथिया’ नावाचे असेच ताई-दादा नेमले, त्यांनी मुलांना दवाखान्यापर्यंतही न्यावं अशी अपेक्षा आहे.

आणि तिथेच कायदा आडवा येतो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आत संमतीला अर्थ नाही आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. बेंगळुरूच्या ‘एनफोल्ड’ संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले 2016 ते 2020चे 7,064 निकाल तपासले. त्यातले 1,715 प्रेमप्रकरणांचे निघाले. पोलिसांची भीती असेल तर सोळा-सतरा वर्षांची मुलगी दवाखान्यात पाऊल ठेवील कशाला? सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव सांगायची गरज नाही. माझ्या मते हा निकाल एखाद्या मालिकेचं कथानक व्हायला हवा.

कर्नाटकातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘स्नेहा’ क्लिनिकं आहेत. गोष्टी रचणाऱ्यांनी शेवटच्या भागात त्यांचा पत्ता, वेळ आणि आत गेल्यावर काय काय विचारतात, एवढं तरी जरूर सांगावं.