घणाला दाद न देणारा धातू

शिवथरच्या खोऱ्यातला कोयता लोहाराच्या भट्टीत गेला की तापमान रंगावरून ओळखलं जातं. साधं पोलाद दिलदार असतं. लालभडक ते पिवळसर अशा ऐसपैस टप्प्यात ते मुकाट्याने घण सोसतं. निवलं तर पुन्हा भट्टीत घालायचं. वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला गेलं की मुंढव्यात १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जमध्ये हीच विद्या प्रचंड प्रेसवर चालते. ट्रकच्या क्रँकशाफ्टवर नावारूपाला आलेली ही कंपनी आता बोइंगसाठी टायटॅनियमचे भागही घडवते.

पण जेट इंजिनात ज्वाळेच्या आसपास टायटॅनियमही टिकत नाही. तिथे निकेलचे मिश्रधातू लागतात. त्यांतला सर्वांत रुळलेला इन्कोनेल ७१८ : निम्म्याच्या आसपास निकेल, सुमारे पाचवा हिस्सा क्रोमियम, पाचेक टक्के नायोबियम. निकेल आणि नायोबियमचे अतिसूक्ष्म कण धातूच्या थरांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत, म्हणून साडेसहाशे अंशांपर्यंत त्याची ताकद टिकते. गोम इथेच आहे. जो धातू उष्णतेत वाकू नये म्हणून बनवला, त्यालाच उष्णतेत वाकवायचं!

घडाई साधारण हजार अंशांच्या आसपास होते. बरंच खाली उतरलं तर कडा चिरतात. १०३० च्या वर रेंगाळलं तर धातूचे स्फटिक फुगतात आणि हजारो उड्डाणांचा ताण सोसायची क्षमता घटते. त्यात घाईने दाबलं तर आकार बदलण्यातूनच निघणाऱ्या उष्णतेने गाभा आपोआप आणखी तापतो. म्हणून साचे आधीच तापवतात, तुकड्यावर काचेचा लेप देतात, दाब सावकाश वाढवतात. कोयत्याला पाणी द्यायला क्षण पुरतो. इथे मात्र घडाईनंतर ७२० अंशांवर आठ तास, मग ६२० वर आणखी आठ तास. ताकद देणारे ते अतिसूक्ष्म कण तेव्हा जन्मतात.

साच्यालाही तुकड्याइतकंच तापवलं तर तुकडा निवतच नाही, आणि आकारही अंतिम मापाच्या बराच जवळ येतो. निकेल कापताना हत्यारं भराभर झिजतात, त्यामुळे ही बचत मोठी. मात्र त्या तापमानाला टिकणारे मॉलिब्डेनमचे साचे हवेत जळून जातात. म्हणून घडाईची जागाच निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत ठेवावी लागते. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने २००० टनी प्रेसवर याच धर्तीच्या पद्धतीने जेट इंजिनाच्या उच्चदाब कॉम्प्रेसरच्या पाचही टप्प्यांच्या चकत्या घडवल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. त्या टायटॅनियमच्या होत्या. टर्बाइनची निकेलची चकती ही माझ्या मते याहून कठीण परीक्षा आहे.