लॅब्राडॉर रिंगणात उभा राहतो तेव्हा

डॉग शोच्या रिंगणात पाच-सहा लॅब्राडॉर रांगेत उभे असले, की बघणाऱ्यांना वाटतं, परीक्षक त्यांची एकमेकांशी तुलना करतोय. खरं तर तो प्रत्येक कुत्रा त्या जातीच्या लेखी मानकाशी ताडून पाहत असतो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्येही हीच पद्धत.

मानक समजायचं तर लॅब्राडॉरसारख्या रिट्रीव्हरचं मूळ काम आठवावं: शिकाऱ्याने टिपलेला पक्षी पाण्यातून, झुडपातून अलगद तोंडात धरून आणायचा. म्हणून परीक्षक ओठ वर करून दात पाहतो. वरचे पुढचे दात खालच्यांवर कात्रीसारखे लगटून बसलेले हवेत. मग तो केसांत उलटी बोटं फिरवतो. वरचा थर आखूड आणि राठ, खाली दाट मऊ लोकर; पाणी सहसा कातडीपर्यंत पोचत नाही. शेपूट पाणमांजरासारखी, बुंध्याशी जाड आणि टोकाला निमुळती. पोहताना तीच सुकाणू. नराची खांद्यापाशी आदर्श उंची 56 ते 57 सेंटीमीटर. गोल्डन रिट्रीव्हरचं मानक वेगळं: त्याच्या शेपटीला केसांची झालर असते आणि रंग सोनेरी किंवा क्रीम चालतो, तांबडा नाही.

शेवटी कुत्र्याला दुडक्या चालीने पळवतात. वाढलेली चरबी इथेच उघडी पडते. आपल्याकडे गुबगुबीत लॅब्राडॉरचं फार कौतुक होतं, आणि मला ते मनापासून खटकतं. हात फिरवला की बरगड्या लागायलाच हव्यात. एका फेरीत धापा टाकणारा कुत्रा, डोकं कितीही देखणं असलं तरी, मागेच ठेवायला हवा.