अक्कलदाढ : काढावी कीं ठेवावी?

वयाच्या सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत केव्हां तरी जबड्याच्या अगदीं मागच्या टोकाला जी दाढ वर येऊं लागते, तिला अक्कलदाढ हें नांव पडलें आहे. पण ती काढावी कीं ठेवावी हें ठरविण्यास जी अक्कल लागते, ती रोगी आणि दंतवैद्य या दोघांनीं मिळूनच खर्च करावी लागते. प्रश्न विशेषतः खालच्या जबड्याचा आहे. तेथें दाढेच्या मुळांशेजारून एक मज्जातंतु हाडांतील अरुंद नळींतून पुढें जातो व हनुवटीपाशीं बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाचें ज्ञान देतो. त्याच्याच कुळांतला दुसरा एक तंतु जबड्याच्या आंतल्या बाजूनें जिभेकडे जातो. कांहींच्या जबड्यांत मुळें आणि ही नळी यांत चांगलें अंतर असतें, कांहींच्या जबड्यांत मुळें नळीला टेकलेलीं असतात, तर क्वचित् तीं तिला मिठी मारून बसलेलीं असतात. दाढ काढतांना तंतूवर दाब पडला, तो ताणला गेला किंवा तुटला, तर ओठ बधिर होतो.

ही बधिरता म्हणजे काय, हें ज्यानें कधीं दांत काढून घेतला आहे त्याला सांगावयास नको. इंजेक्शननंतर कांहीं तास ओठ जसा जाड आणि परका वाटतो, तसाच तो महिनोन्महिने वाटत राहतो. तोंड वांकडें होईल ही अनेकांची भीति मात्र अनाठायीं आहे. ओठ हलविण्याचें काम निराळ्या मज्जातंतूकडे असतें. पाहणाऱ्याला कांहींच दिसत नाहीं. पण हनुवटीवर ओघळलेला चहाचा थेंब कळत नाहीं, जेवतांना ओठ चावला जातो, दाढी करतांना पातें कोठें आहे हें उमगत नाहीं. आणि सनईवाल्याचा किंवा बासरीवाल्याचा तर सारा धंदाच ओठावर चालतो. कित्येकांस बधिरतेबरोबर जळजळ होते वा विजेच्या झटक्यासारखी कळ येते, आणि ती बधिरतेहून अधिक छळते.

खालच्या सर्व अक्कलदाढा सरसकट धरल्या, तर ओठाची कायमची बधिरता शंभरांत एकापेक्षांही कमी जणांना येते. तात्पुरती त्याहून अधिकांना येते व बहुतेकांची कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. परंतु ज्याच्या दाढेचीं मुळें नळीला भिडलेलीं आहेत, त्याच्या कामाची ही सरासरी नव्हे. १९९० सालीं रूड आणि शेहाब यांनीं क्ष-किरणचित्रांतील धोक्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. नळीच्या कडेची पांढरी रेघ मुळाजवळ तुटलेली दिसणें, नळीनें एकाएकीं वळण घेणें आणि मुळावर काळसर छाया पडणें, या त्यांत प्रमुख होत. अशी खूण दिसल्यास आतां त्रिमितीय चित्र काढतां येतें. त्यावरून नळी मुळाच्या कोणत्या बाजूस आहे हें कळतें; अर्थात् चित्र काढल्यानें धोका टळत नाहीं.

मग हा धोका पत्करावा तरी कशासाठीं? दाढ रोगी आहे कीं नुसतीच आडवी आहे, हें येथें आधीं पाहिलें पाहिजे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनें २००० सालीं असें ठरविलें कीं, निरोगी अक्कलदाढ केवळ पुढें त्रास होईल या भयानें काढूं नये. हिरडीची सूज एकदांच आली व ती फार तीव्र नसली, तर तेवढ्यावरूनही काढूं नये. ती पुन्हां आली तर मात्र काढण्याचा विचार योग्य ठरतो. पुढचे दांत वांकडे होऊं नयेत म्हणून अक्कलदाढ काढण्याच्या चालीस तर शास्त्राचा भक्कम आधार नाहीं. उलट पक्षीं, ठेवलेली दाढ गप्प बसेलच असेंही नव्हे. आडव्या दाढेच्या फटींत अन्न अडकून शेजारची चांगली दाढ किडते, आणि वय वाढून हाड घट्ट झाल्यावर तीच शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. तेव्हां दाढ ठेवावयाची ठरल्यास ती वेळोवेळीं तपासून घेणें आलेंच.

दाढही रोगी आणि मुळेंही नळीला भिडलेलीं, असा पेंच पडला तर एक मधला मार्ग आहे. दाढेचा माथा कापून काढावयाचा आणि मुळें हाडांतच राहूं द्यावयाचीं. २००५ सालीं टारा रेंटन व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटनमध्यें धोक्याच्या खुणा असलेल्या १९६ दाढांवरील अनुभव प्रसिद्ध केला. पूर्ण काढलेल्या १०२ दाढांपैकीं १९ ठिकाणीं तंतूस इजा झाली. माथा यशस्वीपणें कापलेल्या ५८ दाढांत एकाही ठिकाणीं झाली नाहीं. उरलेल्या ३६ दाढांत हा बेत सिद्धीस गेला नाहीं, व तेथें ३ तंतु दुखावले. मागें राहिलेलीं मुळें पुढें वर सरकतात आणि एखादे वेळीं काढावींही लागतात. पण तोंवर तीं बहुधा नळीपासून दूर गेलेलीं असतात. मुळांपर्यंत कीड वा पू पोंचला असेल, तर मात्र हा मार्ग बंद होतो.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं रोग्यानें आपलें क्ष-किरणचित्र समोर ठेवून, आपल्या दाढेचीं मुळें नळीपासून किती दूर आहेत, हें दंतवैद्यास विचारावें. छापील कागदावरील टक्केवारी हें त्याचें उत्तर नव्हे. आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशींही ओठ बधिर असेल, तर ‘होईल बरें’ म्हणून आठवडे घालवूं नयेत. त्याच दिवशीं दंतवैद्यास कळवावें. मुळाचा किंवा हाडाचा तुकडा नळींत रुतला असल्यास तो जितका लवकर निघेल, तितकी तंतूस सावरण्याची संधि अधिक.