शाळेचा महिना शहराला कळावा

महिना सरला की आमच्या या दोन शहरांत हिशेबांची लगबग सुरू होते. जळगावच्या सराफ बाजारात सोने किती चढले वा उतरले, रावेर-यावलच्या केळीस काय भाव मिळाला, धुळ्याच्या बाजारात कापसाची आवक कशी राहिली, याची वार्ता घरोघरी पोहोचते. आणि ती पोहोचविण्यात आम्ही वृत्तपत्रेही कुचराई करीत नाही. परंतु याच महिन्यात महापालिकेच्या शाळांत किती मुले नियमाने आली, किती वर्गांना शिक्षक होता, किती दिवस मुलांना शिजविलेले अन्न मिळाले, असा प्रश्न कोणी भर चौकात केला, तर त्याचे उत्तर देणारा नागरिक शोधून सापडणार नाही. किंबहुना असा प्रश्न विचारावयाचा असतो, हेच आपण विसरलो आहोत. आज राजकारणाचे नेहमीचे विषय बाजूस ठेवून या विस्मरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्राथमिक शाळा हे नगरसंस्थेने लोकांवर केलेले उपकार नव्हेत. तो तिचा जुना व जबाबदारीचा धर्म आहे. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली जो कायदा झाला, त्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. त्यानंतर १९२३ व १९४७ चे प्राथमिक शिक्षणाचे कायदे आले. १ एप्रिल २०१० पासून तर सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्कच प्राप्त झाला. सक्ती या शब्दाचा अर्थ तेव्हापासून पालटला आहे. ती आता पालकावर नसून शासनावर व नगरसंस्थेवर आहे. मूल शाळेत आले नाही, तर ते का आले नाही, याचा जाब महापालिकेने द्यावयाचा आहे.

आणि या शाळांचा खर्च कोण सोसतो? आपल्या घरपट्टीचे देयक वाचकांनी एकदा काढून पाहावे. त्यात शिक्षण कर म्हणून एक रक्कम असते. १९६२ च्या कायद्यान्वये राज्य सरकारचा हा कर नगरसंस्था वसूल करीत आल्या आहेत. ज्यांची मुले खासगी इंग्रजी शाळांत जातात, तेही तो भरतात. पाणीपट्टी भरणारा गृहस्थ नळाला पाणी आले नाही की त्याच दिवशी तक्रार करतो. शिक्षण कर भरणारा मात्र वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो, कारण कोरडी पडलेली शाळा त्याच्या घरातून दिसत नाही. जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत दुरूनही नजरेत भरते. तिच्याच मालकीच्या शाळांपैकी एकीचा तरी क्रमांक तिच्या सावलीत राहणाऱ्या किती सुशिक्षितांना ठाऊक आहे?

पूर्वी नगरपालिकांची शिक्षण मंडळे होती. त्यांत राजकारण शिरत नसे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण सभेत प्रश्न विचारला जाई आणि त्याची बातमी छापून येई. २०१३ च्या दुरुस्तीनंतर मंडळांची ही व्यवस्था मोडीत निघाली आणि शाळांचा कारभार थेट महापालिकांकडे आला. पुढे २०२३ साली जळगाव व धुळे या दोन्ही महापालिकांची मुदत संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा प्रभागाच्या वतीने विचारणारा नगरसेवकही उरला नाही. अमेरिकेतील शहरांत शाळा चालविणारे मंडळ आपल्या सभा नागरिकांसमोर भरविते, तिची विषयपत्रिका व इतिवृत्त प्रसिद्ध करते, आणि सामान्य पालक तेथे उभा राहून बोलू शकतो. तिकडचे सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. परंतु शाळेची बातमी ही शहराची बातमी मानण्याची ही रीत घेण्याजोगी खास आहे.

कोणी म्हणेल, माहिती तर आज पूर्वीपेक्षा अधिक गोळा होते. ते खरेच आहे. शिक्षक संगणकात आकडे भरून थकून जातात. पण ही माहिती वर जाते. ती जिल्ह्याला, पुण्याला, दिल्लीला जाते. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बापाला ती मिळत नाही. शिवाय महत्त्वाचे पुष्कळसे आकडे वर्षातून एकदाच मोजले जातात. शिक्षकांची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत आली आहे. आता खानदेशचे वर्ष कसे चालते ते पाहा. दिवाळी झाली की कापूस वेचणीला हात कमी पडतात, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, वीटभट्ट्या पेटतात. जळगावच्या चटई कारखान्यांत व डाळमिलांत, धुळ्याच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या घरांत धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा प्रथम सुटते. सप्टेंबरात मोजलेली ही मुलगी नोव्हेंबरात वर्गात नसते. पण कागदावर ती पुढच्या सप्टेंबरापर्यंत शिकतच असते. वर्षाने एकदा होणाऱ्या मोजणीला ती दिसत नाही. महिन्याच्या मोजणीला दिसली असती, आणि तिच्या घरी वेळीच कोणी गेले असते.

खोट्या पटाचा अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ३ ते ५ तारखेस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करण्याची पाळी सरकारवर आली. अवघी यंत्रणा कामास लावून मुले मोजावी लागली, याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती? प्रत्येक शाळेच्या दारावर दरमहा पट व उपस्थिती लिहिली गेली असती आणि ती वाचणारे शेजारी असते, तर ही मोहीम काढण्याची गरजच पडली नसती.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जळगाव व धुळे महापालिकांनी आपल्या प्रत्येक शाळेचे एक पानी मासिक वृत्त प्रसिद्ध करावे. त्यात पट व सरासरी उपस्थिती असावी. मंजूर शिक्षक किती, रिक्त जागा किती, आणि शिक्षक किती दिवस अन्य कामांवर धाडले गेले, हे असावे. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज शिक्षकास शिक्षणबाह्य कामास लावू नये, असे कायदाच सांगतो. तो पाळला जातो की नाही, हे लोकांना दिसले पाहिजे. पोषण आहार किती दिवस शिजला, पिण्याचे पाणी व मुलींची स्वच्छतागृहे चालू होती काय, आणि शाळा व्यवस्थापन समितीने काय ठरविले, हेही त्यात यावे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. पण ज्या आईला पट वाचावयास मिळत नाही, ती सभेत विचारणार तरी काय? हे पान मराठी शाळेत मराठीत व उर्दू शाळेत उर्दूत लिहावे, शाळेच्या दारावरील फळ्यावर लावावे, आणि पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. कारण घरी अहिराणी बोलणाऱ्या अनेक माउल्यांना अक्षर वाचता येत नसले, तरी ऐकलेले चांगले समजते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, शिक्षकांवर आधीच कागदांचा भार आहे. तो आहेच, आणि तो कमी व्हावा असे आम्हांसही वाटते. परंतु येथे नवी माहिती कोणी मागत नाही. हजेरीपट, शिक्षकांचे मस्टर व आहाराची नोंदवही ही तिन्ही शाळेत असतातच. त्यांची महिन्याची बेरीज एका पानावर उतरवावयाची आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर सार्वजनिक संस्थांनी मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी, असेच सांगतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पट उतरल्याचे उघड झाले तर शाळेची बदनामी होईल व ती बंद करण्यास निमित्त मिळेल, ही भीती आम्ही अस्थानी मानीत नाही. पण शाळा बंद पडतात त्या उजेडाने नव्हे, अंधाराने. ज्या शाळेचे वृत्त दरमहा लोकांपुढे येते, ती गुपचूप मिटविणे कोणासही सोपे जात नाही. मात्र या वृत्तांवरून शाळांची क्रमवारी लावण्याचा मोह महापालिकेने व आम्ही पत्रकारांनीही टाळावा. झोपडपट्टीतील शाळेची तुलना बंगल्यांच्या वस्तीशी करणे, हा न्याय नव्हे.

या पानावर केवळ उणिवाच याव्यात, असेही नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली मुलगी, बालिका दिनी मुलांनी बसविलेले नाटुकले, एखाद्या शिक्षकाने स्वतः हिंडून शाळेत परत आणलेली मुले, यांची वार्ता आज शाळेच्या भिंतीबाहेर जात नाही. या जिल्ह्यास त्याचे वावडे नसावे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहीत. छापखाना नाही, संगणक नाही, वरून आलेले परिपत्रक नाही. एका शिक्षकाला रोज जे जमले, ते दोन महापालिकांना महिन्यातून एकदा जमू नये काय?

शेवटी दोष स्वतःकडेही घेतला पाहिजे. आज आमचे अंक वाचणाऱ्या कितीतरी घरांतील आजोबा-आजी नगरपालिकेच्या क्रमांकाच्या शाळेत अक्षरे गिरवून मोठे झाले. पुढच्या पिढीने ती शाळा सोडली, हे समजण्यासारखे आहे. पण तिच्याकडे पाहणेही सोडले, हे क्षम्य नाही. आम्हीही या शाळांची आठवण भिंत पडली अथवा अन्नातून बाधा झाली म्हणजेच काढतो. दोन्ही महापालिकांनी असे मासिक वृत्त काढावे. ते छापण्यास आम्ही बाजारभावांच्या शेजारी जागा राखून ठेवू. ते वाचावयाचे की नाही, हे वाचकांनी ठरवावयाचे आहे. ज्या दिवशी एखादा गृहस्थ केळीच्या भावावरून नजर खाली आणील आणि आपल्या प्रभागातील शाळेत या महिन्यात उपस्थिती का घटली, असे विचारील, त्या दिवशी या शाळांना पुन्हा मालक मिळाला, असे आम्ही समजू.