बस गेली नव्हती, माझं डॉक्युमेंटेशन अर्धवट होतं

आजचा भाग आहे एआय एजंटसाठी टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं यावर. कंटाळवाणं वाटेल, पण आधी किस्सा ऐका.

लंडनला शिकणाऱ्या एका मैत्रिणीसाठी मी जानेवारीत एक छोटं टूल बनवलं. तिने एजंटला विचारायचं, "माझ्या स्टॉपवर पुढची बस कधी?" आणि एजंटने ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या, म्हणजे टीएफएलच्या, खुल्या एपीआयमधून लाइव्ह वेळ आणून सांगायची. सुरुवातीला मस्त चाललं. जूनमध्ये एकदा रात्री अकराला तिने विचारलं. एजंट म्हणाला, १०:१२ ची बस गेली, पुढे काही दिसत नाही. तिने कॅब बोलावली. कॅबमध्ये बसतेय तोच मागून बस आली. मला मेसेज: "अरे, गेलेली बस परत कशी आली?" (कॅबचे पैसे तिने अजून मागितलेले नाहीत. पण विसरलेलीही नाही.)

डेटा बरोबरच होता. त्या एपीआयमध्ये बस येण्याची वेळ यूटीसीमध्ये येते. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आणि यूटीसी एकच. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तसंच राहतं. १०:१२ म्हणजे तिथले ११:१२. मी टेस्टिंग केलं जानेवारीत, मग मला कशाला दिसतंय!

आता मुद्दा असा. डॉक्युमेंटेशन माणूस वाचतो तेव्हा त्याला शंका येते, तो दोनदा कॉल करून बघतो, घड्याळाकडे नजर टाकतो. एजंट तसं करेलच असं नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या एमसीपी या पद्धतीत एजंटला टूलबद्दल मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा. माझं वर्णन होतं, "स्टॉपवरच्या बसच्या वेळा देतं." बास, एवढंच.

तुम्ही म्हणाल, वर्णनात यूटीसी लिहून टाक की. मी लिहिलं नाही. जे कोडमध्ये दुरुस्त होतं ते डॉक्युमेंटेशनवर ढकलू नये, असं माझं मत. आता टूलच लंडनची वेळ करून देतं. 'टाइम टू स्टेशन' हे फिल्ड सेकंदात येतं, त्याची मिनिटं टूलच करतं, तीही खालच्या बाजूला: ११० सेकंद म्हणजे १ मिनिट. बस चुकण्यापेक्षा थोडं आधी पोचलेलं बरं. आणि यादी वेळेच्या क्रमाने येईलच असं नाही, म्हणून ती आधी लावून घेतो.

मग वर्णनात काय उरतं? जे कोडला ठरवता येत नाही ते.

पहिलं, नावं. लंडनमध्ये हॅमरस्मिथ नावाची दोन वेगळी ट्यूब स्टेशनं आहेत, एजवेअर रोडचंही तेच. आपल्याला दादर माहीत आहे. डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे वेस्टर्नलाही प्लॅटफॉर्म १ आणि सेंट्रललाही प्लॅटफॉर्म १. बसचं तर विचारूच नका, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच नावाचा स्टॉप. म्हणून वर्णनात लिहिलं: "आधी स्टॉप शोधायचं टूल वापर. एकापेक्षा जास्त सापडले तर कुठल्या दिशेला जायचं ते विचार. स्टॉपचा आयडी स्वतः तयार करू नकोस." शेवटचं वाक्य गरजेचं आहे. मॉडेल अगदी खरा वाटेल असा आयडी बिनधास्त ठोकून देतं.

दुसरं आणि सगळ्यात धोक्याचं, रिकामी यादी. बसचे लाइव्ह अंदाज साधारण पुढच्या अर्ध्या तासाचेच असतात. यादी रिकामी आली तर एजंट म्हणतो, "आज बस नाही." जीटीएफएस रिअलटाइम हे फॉरमॅट जगभरातली बरीच शहरं वापरतात. त्याच्या नियमांत हे स्पष्टच लिहिलंय: एखाद्या फेरीचं अपडेट आलं नाही, तर ती वेळेवर आहे असं धरू नका. मी लिहिलं: "यादी रिकामी असेल तर 'सध्या लाइव्ह माहिती नाही' एवढंच सांग. सेवा बंद आहे किंवा बस वेळेवर आहे असं म्हणू नकोस. लाइनची स्थिती सांगणारं टूल तपास."

तिसरं, शिळा डेटा. गप्पा चालू असताना उत्तर जुनं होतं. म्हणून: "माहिती किती वाजताची आहे ते सांग. त्याच स्टॉपचं पुन्हा विचारलं तर आधीचं उत्तर वापरू नकोस, नवीन कॉल कर." उद्याचा प्रवास ठरवायचा असेल तर हे टूल वापरू नकोस, हेही एका ओळीत.

आता वर्णनातला एक शब्द जरी बदलला तरी मी एजंटला तीन प्रश्न विचारून बघतो. घड्याळ जुलैवर ठेवून रात्री अकराची बस. नुसतं "हॅमरस्मिथ". आणि जिथे रात्री बसच येत नाही अशा स्टॉपवर पहाटे तीनला पुढची बस. तिसऱ्यात तो अजूनही अधूनमधून घसरतो, म्हणून 'माहिती नाही' हे वाक्य आता टूलच्या उत्तरातही पाठवतोय.