‘जेव्हा माणूस जागा होतो’: ना कादंबरी, ना उपकारकथा

गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकाचे हे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. पुस्तक वाचलेले मात्र थोडेच. म्हणून कोणी त्याला कादंबरी समजतो, तर कोणी शहरातून आलेल्या सुशिक्षित बाईने झोपलेल्या वारली आदिवासींना उठवल्याची गोष्ट. पहिला गैरसमज लगेच दूर होतो. 1970 साली प्रसिद्ध झालेले आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे पुस्तक म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत 1945 मध्ये वारल्यांनी उभारलेल्या लढ्याच्या आठवणी आहेत. कैनाड, तलासरी, झरी हा सगळा त्याच लढ्याचा मुलूख.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे आणि वारल्यांवर अन्याय करणारा आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडता फेडता नवराबायकोने त्याच्याच घरी लग्नगडी म्हणून राबायचे, वर जमीनदाराची फुकट वेठ करायची, हा अन्याय त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभा या शेतकरी संघटनेची परिषद भरली, तेव्हा काही वारलीही तिथे गेले आणि माह्या धांगडा यांनी भर सभेत आपली दशा मांडली. किसान सभेचे काम या भागात उभे राहिले ते त्यानंतर. 23 मे 1945 रोजी झरीला हजारो वारली जमले, वेठ करायची नाही असे ठरले आणि तो ठराव त्यांनी गावोगाव पाळला.

किसान सभेचे काम करणारे गोदावरीबाई आणि त्यांचे पती, हे परुळेकर दांपत्य, नसते तर हे घडले असते का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. विखुरलेल्या पाड्यांना एका लाल बावट्याखाली आणणे, मागण्या नेमक्या मांडणे हे काम त्यांचेच, आणि वारल्यांनी बाईंना ‘गोदाराणी’ म्हटले ते उगीच नव्हे. पण 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मारले गेले आणि परुळेकरांना ठाणे जिल्ह्यात येण्यास बंदी झाली. एवढे होऊनही वारल्यांनी तेव्हा चालवलेला गवतकापणीचा संप मोडला नाही. पुढारी हद्दीबाहेर असताना जो टिकतो, तो संप उसन्या जागेपणावर उभा नसतो. हे पुस्तक हाती घ्याल तेव्हा बाईंच्या आधी जेठ्या गांगड आणि माह्या धांगडा यांची नावे शोधा.