सुरू होऊन बंद पडणारी मोटार

मोटार मुळीच सुरू न होणे ही एक गोष्ट, आणि सुरू होऊन लगेच बंद पडणे ही अगदी निराळी गोष्ट. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, कारण दोन्ही वेळी गाडी जागची हालत नाही. परंतु जाणत्या मिस्त्रीला विचारा. पहिल्या गाडीकडे पाहून तो कपाळाला आठ्या घालील. दुसरीकडे पाहून मात्र त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसेल. जे इंजिन क्षणभर का होईना, एकदा धडधडले, त्याने आपल्या दुखण्याविषयी पुष्कळ काही आपणहून सांगून टाकलेले असते. ते ऐकून घेण्याची हातोटी मात्र हवी.

ही हातोटी नगर जिल्ह्याला नवी नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे आणि अहमदनगर यांच्यामधल्या रस्त्यावर. ती बेडफर्ड बनावटीची होती. शिरूर आणि सुपे यांच्या दरम्यानच्या उघड्या माळावर ती बंद पडली असती, तर मदतीला बोलावण्यास ना जवळ कारखाना होता, ना हाताशी दूरध्वनी. चालकाचे कान आणि त्याची अक्कल हाच उतारूंचा आधार. पुढे नगर हे गाड्यांचेच गाव झाले. रणगाडे चालविण्याचे शिक्षण देणारी सैन्याची शाळा तेथे आहे आणि लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी संशोधनसंस्थाही तेथेच आहे. या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले. पण गाडीवाले अजूनही सवयीने 'नगर'च म्हणतात.

आता इंजिनाला काय काय लागते ते पाहू. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पेट्रोल व हवा यांचे प्रमाणही जमले पाहिजे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे पंधरा किलो हवा लागते. पंधरा किलो हवा म्हणजे एका लहानशा खोलीत मावेल एवढी हवा! हे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याने दाबले जाते आणि मग प्लगची ठिणगी त्याला पेटविते. चार सिलिंडरांचे इंजिन गाडी उभी असताना मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात सोळाशे ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतल्या पुष्कळशा चुकल्या, की इंजिन अडखळते; सगळ्या थांबल्या, की तेही थांबते.

परंतु अगदी प्रारंभी इंजिन स्वतःच्या बळावर फिरत नाही. किल्ली फिरविली, की बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर त्याला गरगरा फिरविते. गाडीवाले त्याला 'सेल्फ मारणे' म्हणतात. इंजिनाने पेट घेतला, की आपण किल्ली सोडतो आणि सेल्फ बाजूला होतो. नवशिक्या पोहणाऱ्याच्या पोटाखालचा हात काढून घ्यावा, तसाच हा प्रकार होय. यावरून हे उघड आहे, की जी गाडी सुरू होऊन बंद पडते, तिची बॅटरी सेल्फ फिरविण्याइतकी चांगली आहे, सेल्फ चांगला आहे, प्लगांना निदान काही वेळ ठिणगी मिळाली आहे आणि थोडे तरी पेट्रोल सिलिंडरात पोहोचले आहे. एवढे संशयित एकदम निर्दोष ठरले! उरला तो एकच प्रश्न : इंजिन सुरू झाले त्या क्षणी जे होते, ते पुढच्या क्षणी का नाहीसे झाले?

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी एक प्रसंग कल्पू या. जानेवारीची पहाट आहे. पारनेर तालुक्यातील एका वाडीवर आजीला छातीत कळा येत आहेत आणि तिला तातडीने नगरच्या रुग्णालयात न्यावयाचे आहे. दारात जुनी जीप उभी आहे. नातवाने सेल्फ मारला. जीप सुरू झाली. आजीला उचलून आणीपर्यंत, म्हणजे मिनिटभर, ती चालली आणि गचके देत थांबली. पुन्हा सेल्फ मारला. या खेपेस ती दहा अंक मोजीपर्यंतच चालली. तिसऱ्या खेपेस पाचच. मग मंडळी जमली. कोणी म्हणाले, "बॅटरी गेली." कोणी म्हणाले, "प्लग बदला." आणि नातू आपला सेल्फ मारीतच राहिला. असे करण्याने एकच गोष्ट साधते. धडधाकट बॅटरीही खरोखरच मरगळते.

शेजारच्या वस्तीवरचा मिस्त्री आला, तेव्हा त्याने सर्वांआधी विचारले, "भाऊ, दर खेपेला किती वेळ चालली?" उत्तर ऐकून त्याने बॅटरीकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्याने असे का केले असेल? जुन्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून थेट इंजिनात जात नाही. पंप ते ओढून कार्ब्युरेटर नावाच्या भागात आणतो. तेथे एक लहानसा पेला असतो. पेल्यात पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेला भरला की तो वर येऊन पेट्रोलची वाट बंद करतो आणि पातळी उतरली की खाली जाऊन ती उघडतो. आदल्या दिवसाचे पेट्रोल रात्रभर या पेल्यात शिल्लक होते. त्यावर जीप सुरू झाली आणि मिनिटभर चालली. पेला रिता होत आला. पण मागून पेट्रोल आलेच नाही. नंतर सेल्फ मारताना पंप थोडा हलला, म्हणून चार थेंब पेल्यात पडले. त्यावर दहा अंकांपुरते इंजिन चालले. पेट्रोलची वाट कोठे तरी तुंबली आहे, हे त्या घटत जाणाऱ्या आकड्यांनीच सांगितले होते.

मिस्त्रीने आपली खात्री करून घेतली. ठिणगीची तार काढून ठेवली, कार्ब्युरेटरला जोडलेली नळी सोडविली, तिचे टोक एका बाटलीत धरले आणि पुढून हँडल मारावयास सांगितले. पेट्रोलची चिळकांडी उडावयाची, तेथे थेंब थेंब गळू लागले. गाळणी उघडून पाहिली, तर टाकीतल्या गंजाचा लाल गाळ तीत दाटून बसला होता. गाळणी साफ केली आणि जीप नगरच्या वाटेला लागली. (मिस्त्रीने हे करण्यापूर्वी जवळ उभ्या असलेल्या एकाची विडी विझवावयास लावली होती. पेट्रोलची वाफ दुरूनही पेटते; म्हणून मुलांनी हा प्रयोग करून पाहू नये.)

समजा, त्या जीपची कहाणी निराळी असती. किल्ली धरून ठेवली तोवर इंजिन पेटलेले आणि किल्ली सोडताच, त्याच क्षणी, चिडीचूप. मग मिस्त्रीने पेट्रोलकडे ढुंकूनही पाहिले नसते. पेट्रोल संपताना इंजिन अडखळत, गचके देत थांबते. वीज तुटली, तर दिवा मालवावा तसे एकदम थांबते. काही जुन्या गाड्यांत विजेच्या दोन वाटा ठेवलेल्या असतात. सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब बारा व्होल्टवरून नऊ-दहावर उतरतो. त्या वेळी ठिणगी अशक्त होऊ नये म्हणून कॉइलला वीज थेट मिळते. किल्ली सोडली, की तीच वीज एका रोधकामधून, म्हणजे वीज आवरून धरणाऱ्या तारेमधून, जाऊ लागते. हा रोधक जळालेला असला, तर दुसरी वाट तुटते. पहिल्या वाटेने सुरू झालेले इंजिन मग चालणार कसे?

तिसरा प्रकार हिवाळ्यात फार आढळतो. गार धातूला लागलेल्या पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून प्रारंभी पेट्रोल जास्त आणि हवा कमी द्यावी लागते. त्यासाठी चोक ओढतात. चोक ओढलेला असेतो किंवा पायाने रेस देत राहिलो तोवर गाडी चालते. दोन्ही सोडले, की थांबते. याचा अर्थ मंद गतीसाठी ठेवलेले बारीक छिद्र कचऱ्याने बुजले आहे, किंवा कोठल्या तरी फाटक्या नळीतून जादा हवा आत शिरत आहे. ही हवा पुष्कळदा फुसफुस आवाज करते. कान लावून ऐकणाऱ्याला तिचा पत्ता लागतो. उलट, चोक फार वेळ ओढून ठेवला, तर धूर काळा येतो, पेट्रोलचा दर्प सुटतो आणि ओल्या झालेल्या प्लगांमुळे इंजिन गुदमरून बंद पडते. हवा आत घेणाऱ्या गाळणीत उंदरांनी घर केले तरी फळ तेच. धुराचा रंग आणि वास यांवर विसंबणारे मिस्त्री मला कानावर विसंबणाऱ्यांइतकेच हुशार वाटतात. मात्र अशी परीक्षा बंद छपराखाली कधीही करू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास, आणि तो माणसाचा जीव घेतो.

गाडी दोन-चार मैल नीट चालून मग थांबत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. पेट्रोल खाली जाते तशी वरून हवा आत यावी लागते. झाकणाचे छिद्र बुजले, की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. झाकण उघडताच हवा 'सुस्स्' करून आत शिरली, तर चोर सापडला म्हणावयाचे.

भारतात २००० सालाच्या सुमारास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता पेट्रोल दाबाने फवारले जाते आणि किती फवारावे हे एक लहानसा संगणक ठरवितो. तरीही 'किती वेळाने बंद पडली' हा प्रश्न जुना झालेला नाही. काही गाड्यांत किल्लीच्या मुठीत एक चिमुकली चिप असते. ती ओळखीची वाटली नाही, तर गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत स्वतःच बंद होते आणि फलकावर किल्लीचे चित्र लुकलुकते. बिघाड काहीच नसतो. गाडी मालकाला चोर समजते, एवढेच! दुसरी किल्ली लावून पाहिली, की शहानिशा होते. नळीत उरलेल्या दाबावर इंजिन पेटले आणि मग विजेचा पंप चाललाच नाही, तरी ते काही सेकंदांतच थांबते. अशा वेळी किल्ली फिरविताच टाकीकडून येणारी बारीक गुणगुण ऐकू येत नाही.

डिझेल इंजिनाची गोष्ट आणखी निराळी. त्यात ठिणगी नसतेच. हवा अतिशय दाबली गेल्याने तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यामुळे संशयितांची यादी अधिकच आखूड होते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले, तेव्हा ऊस बैलगाड्यांतून येई; आज ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. अशा रांगेत एखादा ट्रॅक्टर सुरू होतो, पाच-दहा सेकंद चालतो आणि मान टाकतो. मागचे चालक ओरडू लागतात, "एअर घेतली! एअर घेतली!" बहुधा ते बरोबर असतात. टाकी पार रिकामी झाली, किंवा नळीचा सांधा ढिला राहिला, की डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात. पंपाने जोर लावला, तर बुडबुडाच आकसतो. डिझेल पुढे सरकत नाही. नळीत आधीच भरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते आणि बुडबुडा पंपाशी पोहोचताच थांबते.

यावर उपाय सोपा आहे. चालक खाली उतरतो, ढिला सांधा आवळतो, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करतो आणि छोटा हातपंप अंगठ्याने दाबू लागतो. आधी नुसता फेस येतो. मग फेस आणि डिझेल मिसळून येतात. पुष्कळ वेळा दाबल्यावर बुडबुडे संपतात आणि स्वच्छ डिझेलची अखंड धार स्क्रूपाशी वाहू लागते. तेव्हा तो स्क्रू आवळतो, हात चिंधीला पुसतो आणि आपल्या जागेवर चढून बसतो. इंजिन पुन्हा धडधडते, आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन ट्रॅक्टर वजनकाट्याकडे सरकू लागतो.